पट्ट्यावर दोघांची नावं, मग ऑपरेशन एकीचंच का?

भात झोडून झालं. नाचणी-वरई घरात आली. थोडी उसंत मिळाली की आपल्या डोंगरपट्ट्यात दोन गोष्टी सुरू होतात. नारायणगावच्या बाजूला मजुरीला जाणाऱ्या गाड्या भरायला लागतात. आणि उपकेंद्राच्या नर्सबाई, आशाताई ऑपरेशनला बाया गोळा करायला वाडीवाडीवर फिरायला लागतात. थंडीत जखम लवकर सुकते असं लोक म्हणतात, म्हणून दिवाळी ते होळी हा ऑपरेशनचा हंगाम.

याच दिवसांत, २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, सरकारचा ‘पुरुष नसबंदी पंधरवडा’ असतो. दवाखान्याच्या भिंतीवर त्याचा कागद लागतो आणि पुढं वाऱ्यानं फाटून जातो. आपल्या वाड्यांवरून त्या पंधरवड्यात किती गडी गेले हे मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात.

मागं वनहक्काच्या दाव्यांची बैठक होती. नकाशे, मोजणी, अपिलं सगळं बोलून झालं. उठता उठता मागं बसलेली एक बाई म्हणाली, “पट्ट्यावर माझं नाव लावलं, चांगलं केलं. आता घरात म्हणतात ऑपरेशन करून घे. माझंच का, हे कुणी सांगल का?” बाया हसल्या. बाप्ये चपला शोधायला लागले. आणि खरं सांगायचं तर आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. हा अग्रलेख म्हणजे त्या बाईला उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

काहीजण म्हणतील, जमिनीच्या पत्रकात हे कशाला? ज्याचं त्याचं घरातलं आहे. आम्ही म्हणतो, दारू पण घरातलीच होती. त्यावर बायांनी बैठका घेतल्या तेव्हा ती गावाची झाली. जमीन कसणारं शरीर आणि जमिनीचा हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आवणीला चिखलात कंबर वाकवून उभी राहते ती बाई, हिरड्याची पोती डोंगरावरून उतरवते ती बाई, मोर्चात पुढं असते ती बाई. तिच्या पोटावर कात्री चालवायची की नाही, हे ठरवताना तिला पुरती माहिती नसेल तर आपण कसल्या हक्काच्या गोष्टी करतो?

पहिली गोष्ट: जमिनीचा आणि ऑपरेशनचा काही संबंध नाही

आधी एक अफवा पुसून टाकू. काही वाड्यांवर विचारणा झाली की तीन-चार पोरं असतील तर पट्टा मिळणार नाही का, ऑपरेशनचा दाखला जोडावा लागतो का. नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात आदिवासी माणसाला विचारलेलं एवढंच आहे की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही ही जमीन कसता का आणि अजून ती तुमच्या ताब्यात आहे का. नमुना ‘अ’ मध्ये घरातल्या माणसांची नावं आणि वयं लिहायची असतात, ती कुटुंब कोणतं हे कळावं म्हणून. पोरं मोजून कुणाचा दावा फेटाळता येत नाही. कुणी दाखला मागितला तर तसं लेखी मागा आणि तो कागद ग्रामसभेपुढं ठेवा.

त्याच कायद्याच्या कलम ४(४) मध्ये लिहिलंय की लग्न झालेल्या माणसाचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. हे नाव कुणी दान दिलेलं नाही, कायद्यानं दिलंय. ते लागावं म्हणून आपल्या बाया तहसीलच्या दारात बसल्या आहेत.

ग्रामपंचायतीची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २००१ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे दोनपेक्षा जास्त अपत्यं असणाऱ्याला पंचायतीची निवडणूक लढता येत नाही. हा नियम आम्हाला पटलेला नाही. ज्या डोंगरात पोर जगेल की नाही याची खात्री नव्हती तिथल्या माणसाला पोरांच्या आकड्यावरून बाहेर काढणं हा न्याय नव्हे. पण तो नियम पंचायतीच्या खुर्चीचा आहे, जमिनीचा नाही. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट: आम्ही कुणाला ऑपरेशन करा म्हणत नाही

कुणाला किती पोरं असावीत हे ना सरकारनं सांगावं, ना संघटनेनं. आदिवासींनी शहाणं व्हावं, पोरं कमी करावीत, म्हणजे गरिबी जाईल, असं भाषण आपण खूप ऐकलं. आपली जमीन सावकारानं नेली, धरणानं नेली, जंगल खात्यानं नेली. ती पोरांनी नेली नाही.

पण त्यामुळं हा विषयच नको म्हणणंही बरोबर नाही. किती पोरं आणि कधी, हे आपल्या हातात असावं ही मागणी सरकारी टार्गेटच्या खूप आधीची आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा सरकारचा काही कार्यक्रम नव्हता. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढं १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला. तो मांडला आपल्याच नगर जिल्ह्याचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. बाळंतपणांनी बाईच्या शरीराचं काय होतं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. ठराव नामंजूर झाला. पण मागणी आपल्या बाजूची होती, बाईच्या बाजूची होती. ती सरकारच्या हातात गेली आणि तिचं टार्गेट झालं, तेव्हा बिघडली.

म्हणून आम्ही फक्त माहिती देतो. ज्यांना आता आणखी पोर नकोच आहे, नवरा-बायको दोघांचं ठरलंय, त्यांच्यापुढं दोन कायमचे रस्ते आहेत. दोन्ही नीट बघा आणि मग ठरवा.

बाईचं ऑपरेशन

बाईच्या पोटात पिशवीच्या दोन बाजूला दोन नळ्या असतात. बाईचं बीज त्यातून पिशवीकडं येतं. ऑपरेशनमध्ये ह्या नळ्या बांधून कापतात किंवा त्यांना रिंग घालतात. म्हणजे पोट उघडावंच लागतं. टाक्याच्या ऑपरेशनला बेंबीच्या खाली लहान काप घेतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनला, ज्याला आपल्याकडं बिनटाक्याचं म्हणतात, काप त्याहून लहान असतो, पण पोटात हवा भरून आत दुर्बीण घालावी लागते. भूल दोन्हीला लागते.

टाक्याचं ऑपरेशन बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करता येतं. ते दिवस गेले की मग सहा आठवडे थांबायचं. एरवी करायचं तर पाळी आल्यापासून सात दिवसांत करावं, म्हणजे पोटात गर्भ नाही याची खात्री असते. बाळंतपणानंतर लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन करत नाहीत.

ऑपरेशननंतर दोन दिवस पूर्ण आराम. मग हलकं काम. जड काम दोन आठवडे नाही. टाके सातव्या दिवशी काढतात. ऑपरेशनचा गुण लगेच लागू होतो.

एक गैरसमज दूर करा. ह्या ऑपरेशनमध्ये पिशवी काढत नाहीत. पाळी येत राहते. पिशवी काढणं हे मोठं आणि वेगळंच ऑपरेशन आहे. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या खाजगी दवाखान्यांत कशा काढल्या गेल्या हे २०१९ साली सगळ्या राज्यानं वाचलं. कुणी पोटदुखीला, अंगावरून जाण्याला ‘पिशवीच काढून टाक’ म्हणालं तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

गड्याचं ऑपरेशन

गड्याच्या अंडकोशातून बीज वर नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. त्या कातडीच्या अगदी खाली, बोटाला लागतात अशा. पोट उघडायचं काम नाही. जिथं करायचं तेवढ्याच जागी सुई देऊन बधिर करतात. कातडीला एक बारीक भोक पाडतात, नळी बाहेर काढून बांधून कापतात, आत सोडतात. टाका नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम. अर्धा-एक तास थांबून गडी स्वतःच्या पायानं घरी येतो.

दोन दिवस आराम. लंगोट किंवा घट्ट चड्डी घालायची. एक आठवडा ओझं उचलायचं नाही, सायकल मारायची नाही, नांगर धरायचा नाही. मग रोजचं काम.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. गड्याच्या ऑपरेशनचा गुण लगेच लागू होत नाही. नळीत पुढं गेलेलं बीज शिल्लक असतं. तीन महिने निरोध वापरायचा किंवा बायकोनं दुसरं साधन घ्यायचं. तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं. त्यात बीज नाही असं आलं म्हणजे ऑपरेशन पक्कं. हे तीन महिने न पाळल्यानं बायकोला दिवस जातात आणि मग गडी बायकोवर संशय घेतो. त्यानं घरं मोडतात. दोष बाईचा नसतो. न सांगितलेल्या किंवा न ऐकलेल्या सूचनेचा असतो.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा

बाईच्या ऑपरेशनला पोट उघडतात, गड्याच्या ऑपरेशनला नाही. बाईला जड कामापासून दोन आठवडे लांब राहावं लागतं, गड्याला एक आठवडा. जंतू जाण्याचा, आतल्या आत रक्तस्रावाचा, भुलेचा धोका दोन्हीत थोडा आहे, पण बाईच्या ऑपरेशनमध्ये जास्त आहे. फसण्याचं प्रमाण दोन्हीत कमी आहे, हजारात मोजण्यासारखं. तीन महिन्यांचं पथ्य पाळलं तर गड्याचं ऑपरेशन त्यातही कमी फसतं. बाईचं लगेच लागू होतं, गड्याचं तीन महिन्यांनी. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. दोन्ही कायमची आहेत. नळी परत जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण ते मोठं आहे आणि यशाची खात्री नाही, म्हणून ‘नंतर जोडून घेऊ’ असं मनात ठेवून कुणी जाऊ नये. आणि दोन्हीनं गुप्तरोग किंवा एड्स टळत नाही. त्याला निरोधच.

म्हणजे सगळा हिशोब केला तर गड्याचं ऑपरेशन सोपं, छोटं आणि कमी धोक्याचं आहे. तरी होतं काय? सरकारच्या मोठ्या कुटुंब पाहणीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या लग्न झालेल्या बायांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. गड्यांचं शंभरात एकाचंही नाही. सोपं काम सोडून अवघड काम करायचं, आणि तेही दुसऱ्याच्या अंगावर. बैठकीतल्या बाईचा प्रश्न हाच होता.

गडी का घाबरतो

भीतीला हसू नये. ती कुठून आली ते बघू.

पहिली भीती, ताकद जाते. वाडीवर सगळ्यांनी बैल बडवताना पाहिलाय. बडवलेला बैल थंड होतो, माज जातो. गड्याला वाटतं आपलं तसंच होणार. पण बैल बडवताना किंवा चिमटा लावताना अंडाला रक्त नेणाऱ्या शिरासुद्धा चेचल्या जातात. अंड वाळून जातं, म्हणून बैलाचा माज जातो. गड्याच्या ऑपरेशनमध्ये अंडाला हात लावत नाहीत, रक्ताच्या शिरा तशाच राहतात. कापतात ती फक्त बीज नेणारी नळी. दाढी-मिशा, आवाज, अंगातली ताकद, बायकोजवळ जाण्याची इच्छा हे सगळं अंडातून रक्तात उतरतं, नळीतून नाही. ते चालू राहतं. वीर्यसुद्धा पहिल्यासारखंच येतं, फक्त त्यात बीज नसतं.

दुसरी भीती, गावात नाव खराब होतं. गडी गेला तर म्हणतात बायकोच्या मुठीत आहे. याचं औषध दवाखान्यात नाही. ते चावडीवर आहे, पारावर आहे, आणि आपल्या बैठकांत आहे.

तिसरी भीती खरी आहे आणि ती म्हाताऱ्या माणसांना आठवते. आणीबाणी. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर ऑपरेशनं झाली, त्यातली सुमारे ६२ लाख गड्यांची होती. कर्ज हवं, प्लॉट हवा, बदली टाळायची, पगार हवा, तर दाखला आण. आपल्या राज्यात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये गावात आलेली माणसं धरून नेऊन ऑपरेशनं केली. तीन पोरांनंतर ऑपरेशन सक्तीचं करणारं विधेयकही त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणीबाणीनंतर नेमलेल्या शाह आयोगापुढं त्या मोहिमेतल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली.

१९७७ ला लोकांनी ते सरकार पाडलं. मग सरकार शहाणं झालं, पण कसं? त्यानं जबरदस्ती सोडली नाही, माणूस बदलला. गडी ओरडतो, मतदानाला चिडून जातो, म्हणून गड्याला सोडलं आणि बाईला धरलं. बाई ओरडत नाही असं त्यांना वाटलं. आणि आपण गड्यांनी सुटकेचा श्वास घेतला. हे कबूल करायला पाहिजे.

बाईवर काय काय गेलं

बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात ७ जानेवारी २०१२ ला रात्री एका शाळेत टॉर्चच्या उजेडात दोन तासांत ५३ बायांची ऑपरेशनं झाली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ ला एका बंद पडलेल्या खाजगी दवाखान्यात एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं केली. त्यातल्या १३ बाया गेल्या. सगळ्या गरीब घरच्या. सरकारचा स्वतःचा नियम आहे की एका पथकानं दिवसाला ३० च्या वर ऑपरेशनं करू नयेत.

बिहारच्या प्रकरणावर देविका विश्वास ह्या कार्यकर्तीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. १४ सप्टेंबर २०१६ ला निकाल लागला. तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा, टार्गेट लावू नका, बाईला तिच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नका, असं न्यायालयानं सांगितलं. हा निकाल आपल्या बायांच्या हातातलं हत्यार आहे. तरी कुणी शाळेत खाटा टाकून रांग लावायला लागलं तर गावानं विचारायचं, हे कोणत्या आदेशानं?

आपल्याकडं असं मोठं काही झालं नाही म्हणून गप्प बसू नये. आपल्याकडचं लहान लहान असतं. ऑपरेशन झालेल्या बाईला जीपमध्ये दाटीवाटीनं कोंबून खडीच्या रस्त्यानं वाडीवर आणतात. तिसऱ्या दिवशी ती हांडा घेऊन उतरणीवर विहिरीला जाते, कारण घरात दुसरं कुणी जात नाही. टाके ओले असताना मोळी उचलते. मग वर्षभर कंबर दुखते, आणि सगळे म्हणतात ऑपरेशननं झालं. ऑपरेशननं काही वेळा होतही असेल. पण पुष्कळदा ते हांड्यानं झालेलं असतं, आणि हांडा कुणाच्या डोक्यावर द्यायचा हे घरानं ठरवलेलं असतं.

ज्यांचं अजून ठरलं नाही

वीस-बावीस वर्षांच्या पोरीला दोन पोरं झाली की लगेच ऑपरेशनला नेतात. थांबा. धाकटं पोर अजून अंगावर पितं, पावसाळ्यात ताप-जुलाब येतात, रस्ता बंद होतो. पोर गमावून नंतर नळ्या जोडायला दारोदार फिरलेल्या आया आपल्या भागात आहेत. सरकारी नियमातही बाई किमान २२ वर्षांची आणि तिचं एक तरी मूल एक वर्षाच्या वरचं पाहिजे. तो नियम किमान आहे, घाई करा असं तो सांगत नाही.

ज्यांना थांबायचं आहे त्यांना कायमचं ऑपरेशन नको. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते आणि काढता येते. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं आठवड्याला एक. रोजची गोळी आहे, निरोध आहे. सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कोणतं कुणाला चालतं हे तपासून ठरवावं लागतं, म्हणून नर्सबाईला विचारा. नर्सबाई नुसतं ऑपरेशनचंच बोलली तर बाकीचं तुम्हीच विचारा. तिच्यावर वरून काय दडपण असतं तेही आपल्याला माहीत आहे, तिच्याशी भांडण नको. पण उत्तर मागायचं.

दवाखान्यात जाताना

हे वाचता येणाऱ्या पोरानं घरात मोठ्यानं वाचून दाखवावं.

१. संमतीच्या कागदावर अंगठा देण्याआधी तो पूर्ण वाचून घ्या. आपल्या बोलीत समजावून मागा. नवऱ्याच्या ऑपरेशनला बायकोची सही किंवा बायकोच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही नियमानं लागत नाही. दोघांनी बोलून ठरवावं हे चांगलं, पण सही ज्याच्या अंगावर कात्री चालणार त्याचीच.

२. टेबलावर जाईपर्यंत ‘नको’ म्हणता येतं. म्हणून रेशन, घरकुल, पट्टा, उपचार काहीही बंद होत नाही.

३. आधी रक्त, लघवी, दाब तपासतात. बाईची गर्भ नाही ना याची तपासणी होते. तपासणी न करता कुणी घेत असेल तर परत या.

४. मिळणारे पैसे म्हणजे बक्षीस नाही. ती बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे. केंद्र सरकारनं २००७ साली ठरवलेले दर गड्याला ११०० आणि आदिवासी, दलित व दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ६०० रुपये असे होते. आजचा दर दवाखान्यात विचारा. त्यातून कुणाला काही द्यायचं नाही.

५. घरी येताना कागद घेऊन या. त्यावर तारीख, डॉक्टरांचं नाव, पुन्हा कधी यायचं ते पाहिजे. हा कागद पट्ट्याच्या कागदाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवा.

६. ताप, पू, वाढणारी सूज, रक्त, पोटात जोराची कळ, यातलं काही झालं तर वैदू-भगताकडं वेळ घालवू नका, त्याच दवाखान्यात जा. पाळी चुकली तर लगेच तपासा.

७. सरकारी ऑपरेशननंतर सात दिवसांत माणूस दगावला तर वारसांना ४ लाख रुपये, ऑपरेशन फसलं तर ६० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज ९० दिवसांत करावा लागतो. उशीर झाला म्हणून नाकारलेली भरपाई परत मिळवणं म्हणजे वनहक्काच्या अपिलापेक्षा लांबचं काम.

गड्याचं बिनटाक्याचं ऑपरेशन प्रत्येक आरोग्य केंद्रात होत नाही, त्याला शिकलेला डॉक्टर लागतो. म्हणून नुसता पंधरवड्याचा कागद चिकटवून चालणार नाही. आमची मागणी आहे की डोंगरपट्ट्यातल्या माणसाला जवळच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी, वर्षभर हा डॉक्टर मिळाला पाहिजे. बाईला शोधायला माणसं वाडीपर्यंत येतात. गड्याला मात्र जिल्ह्याच्या गावाला जा म्हणतात, आणि वर म्हणतात आदिवासी पुरुष तयार होत नाहीत.

आपल्याकडून काय

सरकारकडं मागणं सोपं आहे, सवयीचं आहे. आता घरातलं. पुढच्या महिन्यापासून वनहक्काच्या प्रत्येक बैठकीत शेवटची अर्धी घटका ह्या विषयाला ठेवायची असं आम्ही ठरवलंय. आधी बाया वेगळ्या, बाप्ये वेगळे, मग एकत्र. संघटनेच्या कोणत्याही कार्यकर्त्यानं कुणाला ‘ऑपरेशन कर’ म्हणायचं नाही. नावं लिहायची नाहीत, आकडा मोजायचा नाही. तसं केलं तर आपणही टार्गेटवालेच होऊ. पण कुणा गड्याला जायचं असेल आणि एकटं जायला लाज वाटत असेल तर त्याच्याबरोबर जायला माणूस देऊ. आणि कुणाच्याही घरात बाईचं ऑपरेशन झालं तर दोन आठवडे त्या घरचा हांडा आणि मोळी गड्यानं आणायची. घरात गडी नसेल तर शेजारानं आणायची. आवणीला आपण एकमेकांच्या खाचरात जातोच ना.

आमच्यातल्या गड्यांना आम्ही एवढंच विचारतो. पट्ट्यावर बायकोचं नाव लावताना तुम्ही ग्रामसभेत हात वर केला. जमीन दोघांची, हे तोंडानं म्हणालात. पोरं पण दोघांचीच आहेत. मग पोरं थांबवायची वेळ आली की सगळा भार एकीच्या पोटावर का? तब्येतीमुळं कुणाला जमणार नाही, कुणाला पटणार नाही, ते ठीक. पण विचारायच्या आधीच ‘ते बाईचं काम’ म्हणून उठून जाणं बंद करू.

त्या बैठकीतल्या बाईला आम्ही सांगतो, बाई, तुझंच का, याला उत्तर नाही. उत्तर नव्हतंच. आम्ही फक्त विचारत नव्हतो. पुढच्या बैठकीला तुझ्या कारभाऱ्यालाही घेऊन ये. ह्या वेळी आम्ही चपला शोधणार नाही.